आम्हा दोघांना निवृत्तीनंतर किती पैसे लागतील? आकडा काढायला मदत हवी

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

माझं वय ५२. चिंचवडजवळच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, १९९८ पासून एकाच ठिकाणी. ५८ ला निवृत्ती. बायको ४७ वर्षांची. घर सांभाळून ती ब्लाऊज-ड्रेस शिवते, त्यातून महिन्याला पाच-सहा हजार सुटतात. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या फीची सोय वेगळी ठेवलेली आहे, ती या हिशोबात धरू नका.

जमा अशी: पीएफ ३१ लाख, पीपीएफ ९ लाख, एफडी ६ लाख, म्युच्युअल फंड ८ लाख आणि दरमहा दहा हजारांची एसआयपी. एक विमा पॉलिसी २०२९ ला पिकेल, तिचे ७ लाख येतील. राहतं घर स्वतःचं, टू बीएचके, कर्ज फिटलेलं. २००९ मध्ये तळेगावला एक छोटा वन बीएचके घेतला होता, तो साडेसात हजारांनी भाड्याने आहे. गावी पाटणला सामायिक घर आहे, पण त्यावर माझा एकट्याचा हक्क नाही.

घरखर्च महिना ३५ हजार.

आमच्या कंपनीत मध्यंतरी एक सल्लागार येऊन गेले. त्यांनी माझ्यासारख्याला पाच कोटी लागतील असं सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. थोरले बंधू निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणाले, एक कोटी असले की खूप झाले, कशाला एवढा विचार करतोस. पाच कोटी आणि एक कोटी यांत माझा आकडा कुठे बसतो?

हिशोबवही

दादा, मी सोलापूरचा, बँकेत ३४ वर्षं काढून २०१८ मध्ये निवृत्त झालो. पाच कोटी आणि एक कोटी, दोन्ही आकडे सध्या बाजूला ठेवा. मला तुमचा ३५ हजारांचा आकडाच पटलेला नाही.

राग मानू नका. काउंटरवर बसून मी शेकडो निवृत्त मंडळींशी बोललो आहे. जो तो महिन्याचा खर्च सांगतो आणि तो बरोबरच सांगतो: किराणा, दूध, भाजी, वीज, गॅस, मोबाईल, सोसायटीचा मेंटेनन्स. पण वर्षातून एकदाच येणारा खर्च कुणाच्या तोंडी नसतो. घरपट्टी, गाडीचा विमा, मेडिक्लेमचा हप्ता, दिवाळीचे कपडे, लग्नाकार्यातले आहेर, गावची जत्रा. आणि आठ-दहा वर्षांनी एकदा येणारा खर्च तर कुणी धरतच नाही. फ्रीज, घराचा रंग, इन्व्हर्टरची बॅटरी, मोतीबिंदू, दात.

माझंच सांगतो. निवृत्तीच्या आधी मी महिन्याला ३८ हजार धरले होते. मग सौ.ने तिची वही काढली. लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानातून मिळते तसली. त्यात तिने मागच्या पानांवर वर्षाचे खर्च वेगळे लिहून ठेवले होते. बेरीज १ लाख ७४ हजार निघाली. म्हणजे महिन्याला साडेचौदा हजार रुपये मी धरलेच नव्हते.

तुम्ही एवढंच करा. मागच्या बारा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास काढा, वहिनींना शेजारी बसवा आणि एकेक ओळ वाचत जा. दोन रविवार जातील. त्यानंतर आकड्याचं बोलू.

आकडेमोड

काकांशी सहमत. खर्चाचा आकडा येईपर्यंत गणित कसं मांडायचं ते सांगून ठेवतो.

महागाई ६ टक्के धरू. रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते ढोबळ काढायला ७२ ला टक्क्याने भागतात. ७२ ला ६ ने भागलं की १२ येतात. म्हणजे खर्च बारा वर्षांत दुप्पट आणि चोवीस वर्षांत चौपट. आज ३५ हजारांत चालणारं घर तुमच्या ७६ व्या वर्षी त्याच राहणीमानाला महिना १ लाख ४० हजार मागेल. सल्लागारांच्या पाच कोटींमागे हेच वाढत जाणारे आकडे असतात. पण त्यांनी तुमचा खर्च विचारलाच नसेल, तर तो आकडा तुमचा नव्हे.

दुसरी गोष्ट, पैसे किती वर्षं पुरायला हवेत? सगळे जण "मी ८० पर्यंत जगेन" असं धरतात. दादा, वहिनी तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहेत. तुम्ही ५८ ला निवृत्त व्हाल तेव्हा त्या ५३ च्या असतील. त्या ९० पर्यंत जगतील असं धरलं तर पैसे ३७ वर्षं पुरायला हवेत. तुमच्या वयावरून काढलेलं गणित तुमच्याबरोबर संपतं, त्यांची वर्षं त्यात येतच नाहीत.

ओवी_नाशिक

वरची शेवटची ओळ वाचून लिहायला बसले. हे आमच्या घरात घडलं आहे.

बाबा २०११ मध्ये खासगी नोकरीतून निवृत्त झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं मिळून २८ लाख आले. आमच्या घरात एवढी रक्कम कुणी पाहिली नव्हती. तेव्हा एफडीला नऊ टक्के मिळत होते. महिन्याला २१ हजार व्याज आणि घरखर्च १४ हजार. उरलेल्या सातातून बाबांनी आईला बांगड्या केल्या, दोघं चारधामला जाऊन आले. मुद्दलाला हात लागला नव्हता, त्यामुळे सगळं बरोबर चाललंय असंच आम्हाला सगळ्यांना वाटत होतं.

२०१६ मध्ये बाबा गेले. आई तेव्हा ६१ वर्षांची होती.

एका एफडीवर वारसाचं नावच नव्हतं. बँकेत सात चकरा झाल्या. शपथपत्र, दोन जामीनदार, भावाची आणि माझी ना-हरकत. आई प्रत्येक वेळी बाबांचा मृत्यूचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यायची आणि घरी आली की तो उशीखाली ठेवायची.

मग कोरोनाच्या काळात व्याजाचे दर उतरले. तिच्या एफडी जशा संपत गेल्या तशा सहाच्या आसपास पुन्हा ठेवल्या गेल्या. व्याज झालं १४ हजार आणि खर्च २६ हजार, कारण तोपर्यंत बीपी-शुगरची औषधं सुरू झाली होती. पहिली एफडी मोडली तेव्हा तिने आम्हाला सांगितलंच नाही. दुसरी मोडली तेव्हा कळलं.

आम्ही दोघं भावंडं आहोत, तिला काही कमी पडू देत नाही. पण दर महिन्याला माझ्याकडून पैसे घेताना ती "लिहून ठेव गं" म्हणते. ते ऐकवत नाही. बाबांनी हिशोब चुकवला असं मी म्हणणार नाही. त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यांसमोरच्या काळाचा केला.

रानवाट

कोयनाकाठ, तुमचे बंधू एक कोटी का म्हणाले ते मी सांगू शकतो, कारण मी त्यांच्याच पंथातला. बीडकडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, १९९४ ची नेमणूक, लवकरच निवृत्ती.

मला जुनी पेन्शन आहे. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर महागाई भत्ता. तो भत्ता वाढत राहतो, म्हणजे महागाईशी माझ्या वतीने सरकार लढतं. माझ्यामागे बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. माझी पेन्शन भत्त्यासह महिना पन्नास हजारांच्या वर जाईल. तेवढी वाढती रक्कम स्वतःच्या पैशातून उभी करायची तर दीड कोटीच्या घरात पुंजी हवी. तुमच्या बंधूंकडे ती पुंजी आहे, फक्त पासबुकात दिसत नाही. म्हणून त्यांना वरचा एक कोटी खूप वाटतो. त्यांच्यापुरतं ते खरंच आहे.

पण राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांना ही पेन्शन नाही. माझ्याच शाळेत शेजारच्या वर्गावर शिकवणारा मुलगा २००८ चा आहे. तोच फळा, तीच पोरं, आणि म्हातारपणाचं गणित पूर्ण वेगळं. मार्च २०२३ च्या संपात आम्ही जुने लोकही उतरलो ते म्हणूनच. निवृत्तीचा सल्ला घेताना समोरच्याला पेन्शन आहे की नाही हे आधी विचारत जा.

हडसनपलीकडे

न्यू जर्सीहून. इकडे सगळे पंचवीस पटीचा हिशोब सांगतात: वर्षाचा खर्च गुणिले २५. तो विल्यम बेंगेन या सल्लागाराने १९९४ मध्ये मांडलेल्या चार टक्क्यांच्या नियमावरून आला आहे. पहिल्या वर्षी पुंजीतले चार टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्यायचे, आणि अशी पुंजी तीस वर्षं टिकते.

डोंबिवलीच्या माझ्या आई-वडिलांसाठी मी तोच लावायला गेलो होतो. मग लक्षात आलं की त्याचा पाया अमेरिकेतले शेअर आणि रोखे, तिथली महागाई आणि तीस वर्षांची मुदत असा आहे. तुमची मुदत ३७ वर्षांची. भारतातली महागाई जास्त, आणि बरेच जण सगळा पैसा एफडीत ठेवतात, जिथे कर जाऊन हातात महागाईइतकंच पडतं. मी त्यांच्यासाठी तीस पटीच्या खाली गेलो नाही.

द्राक्षबाग

गावी जाऊन राहायचा विचार केलाय का? आम्ही दोघं पुण्यातून तासगावकडे परत आलो. दूध, भाजी, धान्य बरंचसं घरचं. महिन्याचा खर्च २२ हजारांत बसतो. मिसेसना एसटीत अर्धं तिकीट आहे, मला ६५ पूर्ण झाल्यापासून अर्धं, आणि पंचाहत्तरीनंतर फुकट.

पण दोन गोष्टी धरून चाला. दवाखान्याला मिरज-सांगली गाठावं लागतं, रात्रीची गाडी करावी लागते. आणि गावात माणूस सगळ्यांच्या कार्याला जातो. लग्नसराईत आमचा आहेरांचा खर्च पुण्यापेक्षा जास्त होतो.

पांढरा_ॲप्रन

मी पुण्यात एका रुग्णालयात परिचारिका आहे, २२ वर्षं झाली. कुणी आजारपणाचं नीट लिहिलेलं दिसलं नाही म्हणून लिहिते.

मेडिक्लेम कंपनीचा असेल तर तो नोकरीबरोबर जातो. ५८ व्या वर्षी नवा घ्यायला गेलात तर हप्ताही जास्त आणि आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. म्हणून दोघांची स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, म्हणजे निवृत्तीपर्यंत तो काळ सरेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही निघाला आहे. सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मान कार्डाचं पाच लाखांचं संरक्षण उत्पन्न न बघता मिळतं, ते जरूर काढा. मात्र रुग्णालय त्या यादीत असावं लागतं.

पण मला लिहायचं आहे ते विम्यात न बसणाऱ्या खर्चाबद्दल. माणूस दाखल होतो, आठ दिवसांत घरी जातो. बिलाचं विमा बघतो. घरी गेल्यावर काय? माझ्या सासूबाईंचा खुबा मोडला. ऑपरेशनचे पैसे विम्यातून आले. पुढचे सात महिने मावशी ठेवल्या, दिवसपाळीचे सातशे रुपये, रात्रीच्या वेगळ्या. त्यावर डायपर, वॉकर, हवेची गादी, घरी येणाऱ्या फिजिओचे पैसे. दर महिन्याला चाळीस हजारांच्या वर गेले आणि त्यातला एक रुपयाही विम्याने दिला नाही.

एक निरीक्षण अजून. आमच्या वॉर्डात म्हातारे आजोबा येतात तेव्हा शेजारच्या खुर्चीत आजी बसलेल्या असतात. आजी दाखल होतात तेव्हा बहुतेक वेळा ती खुर्ची रिकामी असते. आजोबांची शुश्रूषा आजी करतात आणि आजींसाठी बाई ठेवावी लागते. हा पैसा वेगळा काढून ठेवा, दोघांतल्या मागे राहणाऱ्याच्या नावाने.

कोयनाकाठ

पंधरा दिवसांनी परत आलो. हिशोबवही काकांनी सांगितलं तसंच केलं. दोन नाही, तीन रविवार लागले.

महिन्याचा नेहमीचा खर्च ३३,२०० निघाला. म्हणजे माझा अंदाज ठीक होता. मग वर्षाचे खर्च लिहायला घेतले. घरपट्टी ७,४००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग २३ हजार, स्कूटरचे साडेचार. मेडिक्लेम ३१ हजार. गणपतीला आणि जत्रेला पाटणला जाणं-येणं, वर्गणी धरून २८ हजार. आहेर २२ हजार. दिवाळीचे कपडे आणि भाऊबीज २६ हजार. आईच्या औषधातला माझा वाटा २४ हजार. नळ, गीझर, गळती असली दुरुस्ती साडेएकोणीस हजार. मे महिन्यातली एक सहल ३८ हजार. बेरीज २ लाख २३ हजार ४००, म्हणजे महिना १८,६००. एकूण जवळजवळ ५१,८००.

निवृत्तीनंतर मुलीचा बस-खर्च आणि माझं पेट्रोल मिळून ५,८०० कमी होतील. राहिले ४६ हजार. मी ३५ म्हणत होतो.

बायकोला आकडा दाखवला तर तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, "वर्षाला दोन लाख वरचे जातात, मला माहीत होतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत." सत्तावीस वर्षांच्या संसारात मी खरंच कधी विचारलं नव्हतं.

आकडेमोड

आता मांडता येईल.

आजचे ४६ हजार, सहा वर्षं, ६ टक्के. तुमच्या ५८ व्या वर्षी महिना ६५,२५० होतात, वर्षाचे ७ लाख ८३ हजार. वहिनींच्या नव्वदीपर्यंत ३७ वर्षं.

पुंजीवरचा परतावा महागाईइतकाच मिळाला तर सरळ ३७ पट, म्हणजे २ कोटी ९० लाख. महागाईपेक्षा एक टक्का जास्त मिळाला तर ३१ पट, २ कोटी ४४ लाख. दोन टक्के जास्त मिळाला तर साडेसव्वीस पट, २ कोटी ७ लाख. या एकेका टक्क्यात केवढा फरक पडतो बघा. म्हणून सगळा पैसा एफडीत ठेवू नये, थोडा भाग शेअरच्या फंडात राहू द्यावा असं मी म्हणतो. पण पहिल्या चार-पाच वर्षांचा खर्च मात्र सुरक्षित जागी हवा. निवृत्त झाल्या झाल्या बाजार पडला आणि पडत्या भावात युनिट विकावे लागले, तर ते नुकसान नंतर भरून येत नाही.

मी मधला, एक टक्क्याचा आकडा घेतो. तुम्ही ८२ पर्यंत आहात आणि त्यानंतर एका माणसाचा खर्च सत्तर टक्के, असं धरलं की २ कोटी २१ लाख येतात. पांढरा_ॲप्रन ताईंचं वाचून त्यावर शुश्रूषेचे १५ लाख वेगळे ठेवा.

आता पेन्शन. खासगी नोकरीतली ईपीएस पेन्शन हे फार मोठं काही नाही. सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार आहे, त्याआधीच्या वर्षांना साडेसहा हजार. तुमची पेन्शन साडेपाच हजारांच्या आसपास बसेल. ती वाढत नाही, आणि तुमच्यामागे वहिनींना तिच्या निम्मी मिळेल. आजच्या हिशोबात ती सात-आठ लाखांच्या पुंजीइतकी धरा.

जमेची बाजू: पीएफ सध्याच्या ८.२५ टक्क्यांनी, चालू वर्गणी धरून, ५९ लाखांवर जाईल. पीपीएफ साडेतेरा, एफडी पावणेनऊ, म्युच्युअल फंड दहा टक्क्यांनी साडेतेवीस, विमा ७. मूळ पगार निवृत्तीच्या वेळी ६५ हजार असेल तर ३३ वर्षांची ग्रॅच्युइटी बारा लाखांवर. एकूण १ कोटी २४ लाख.

तूट साधारण एक कोटीची आहे. दादा, घाबरू नका, हे सहा वर्षं आधी कळलं आहे.

हिशोबवही

तूट भरायची जागा एकच नसते, चार ठिकाणांहून थोडी थोडी भरावी लागते. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक कामाच्या वर्षांनी पडतो. ५८ ला कंपनी सोडली तरी ६१ पर्यंत घरखर्च निघेल एवढं काम मिळालं, तर पुंजीला तीन वर्षं हात लागत नाही आणि खर्चाची तीन वर्षंही कमी होतात. तुम्ही क्वालिटीचे. लहान कारखान्यांना ऑडिटची कागदपत्रं तयार करून देणारी माणसं लागतात. आत्तापासून ओळखी ठेवा.

एसआयपी दहाची पंचवीस करा, जमत असेल तर. मुलीच्या लग्नाचा आकडा आत्ताच घरात बोलून ठरवा. पीएफ लग्नात गेलेली कितीतरी घरं मी काउंटरपलीकडून पाहिली आहेत. फॉर्म भरताना हात थरथरायचे त्यांचे.

आणि निवृत्तीचे पैसे खात्यात आले की महिनाभर कुणालाही भेटू नका. बँकेतून फोन येईल, ओळखीचा मुलगा घरी येईल, हमखास परताव्याची पॉलिसी दाखवेल. मी स्वतः बँकेत होतो, म्हणून कळकळीने सांगतो. दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी निवृत्त माणसाच्या गळ्यात घालताना मी पाहिलं आहे.

आकडेमोड

काकांचं मांडून पाहिलं. एसआयपी पंचवीस आणि ६१ पर्यंत काम: पुंजी सात टक्क्यांनी १ कोटी ६९ लाखांपर्यंत जाते. तेव्हाचा खर्च महिना ७७,७०० आणि लागणारी रक्कम २ कोटी ४३ लाख. तूट ७४ लाख. त्यात तळेगावचं भाडं. मेंटेनन्स आणि रिकामे महिने जाऊन आजचे सहा हजार हाती पडतात असं धरलं, आणि भाडं महागाईबरोबर वाढतं, म्हणून ते ३२ लाखांच्या पुंजीचं काम करतं. राहिले बेचाळीस लाख. ईपीएसने त्यातले सात-आठ जातील. शुश्रूषेचे १५ मात्र वर आहेत.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. एसआयपी या महिन्यापासून बावीस केली, पंचवीस झेपत नव्हती. राहिलेल्या पन्नास लाखांबद्दल आम्ही दोघं बोललो. सत्तरीनंतर जिने चढायचे नाहीतच, तेव्हा चिंचवडचं घर विकून तळेगावच्या वन बीएचकेत जायचं, तो तळमजल्यावर आहे. तेव्हा भाडं बंद होईल हे खरं, पण चिंचवडच्या घराच्या पैशातून तूट निघते. हे बोलायला सोपं गेलं नाही. या घरात मुलीचं बारसं झालं आहे.

ओवीताई, तुमचं लिहिलेलं मी बायकोला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि सगळ्या ठिकाणचं वारसनाव तपासलं. पीपीएफवर अजून माझ्या वडिलांचं नाव होतं. ते जाऊन अकरा वर्षं झाली.

कोयनाकाठ

नमस्कार. ह्यांच्याच नावावरून मी, त्यांची बायको लिहिते आहे. तुम्ही सगळ्यांनी माझ्या नव्वदीचा हिशोब केलात. आजवर माझ्या म्हातारपणाचा वेगळा विचार कुणी केलेला मला आठवत नाही, मीसुद्धा केला नव्हता.

मला एकच विचारायचं आहे. पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना हे माझ्या नावावर काढू म्हणतात. मी तेव्हा ५३ ची असेन. चालेल का?

हिशोबवही

वहिनी, तुमच्या एकटीच्या नावावर नाही चालणार, त्याला ६० पूर्ण लागतात. पण नोकरीतून निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही उघडता येतं, निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. म्हणून दादांच्या नावाने उघडा आणि तुमचं नाव जोडीदार म्हणून संयुक्त ठेवा. पहिल्या नावाचंच वय बघतात. दादांचं काही बरंवाईट झालं आणि तेव्हा तुम्ही स्वतः या योजनेच्या अटीत बसत असाल, म्हणजे तुमची साठ पूर्ण असतील, तर ते खातं मुदत संपेपर्यंत तुम्हाला तसंच पुढे चालवता येतं; नाहीतर ते बंद करावं लागतं.

मर्यादा ३० लाखांची आहे. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतात: एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला. ते व्याज ज्या खात्यावर तुमचं नाव पहिलं आहे अशा खात्यात घ्या. एटीएम कार्ड तुमचं, मोबाईल नंबरही तुमचा. आणि पहिल्या तिमाहीपासून पैसे काढायला बँकेत तुम्हीच जा, दादांना घरी ठेवून.